वीस-तीस वर्षं बिनबोभाट चाललेलं सॉफ्टवेअर नव्या कम्पायलरवर का मोडतं?

जीटीए सॅन अँड्रिआस हा गेम आला २००४ साली. पीसीवर आला त्याच्या पुढच्या वर्षी. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून चीट कोड मारण्यात ज्यांची दुपार जायची, त्यांना त्यातलं स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं विमान आठवत असेल.

ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ चं २४एच२ हे अपडेट आलं आणि हे विमान गेममधून गायब झालं. ज्यांनी जबरदस्तीनं ते बोलावलं, त्यांचा सीजे विमानात बसताच थेट आभाळात फेकला गेला. गेमच्या फाइलींना तर कुणी हात लावला नव्हता. साहजिकच लोकांनी मायक्रोसॉफ्टच्या नावानं बोटं मोडली.

या गेमसाठी दुरुस्तीचे पॅच बनवणारा एक डेव्हलपर आहे, सायलेंट या नावानं ओळखला जाणारा. त्यानं एप्रिल २०२५ मध्ये छडा लावला, तेव्हा कळलं की चूक गेमचीच होती. सगळ्या गाड्यांची माहिती ज्या फाइलीत असते, तिच्यात स्किमरच्या ओळीत चाकांच्या मापाचे आकडे लिहायचे राहून गेले होते. गेम ते आकडे वाचायला जायचा, मिळायचे नाहीत, आणि मिळाले की नाही हे तपासायचाही नाही. मग वापरायचा काय? मेमरीच्या त्या जागेत आधीच्या गाडीचे जे आकडे पडून असायचे, तेच! योगायोगानं ते चालून जायचे. नव्या विंडोजमधलं एक फंक्शन मधल्या काळात मेमरीची तीच जागा वापरू लागलं, जुने आकडे पुसले गेले आणि वीस वर्षं लपलेली चूक चव्हाट्यावर आली.

इथे बदलली विंडोज. पण जुन्या सॉफ्टवेअरच्या अशा लपलेल्या चुका सर्वात जास्त बाहेर येतात त्या कम्पायलर बदलल्यावर. आज तेच समजून घेऊ. विषय वरवर फक्त इंजिनिअर लोकांचा वाटतो, पण २००९ मध्ये याच कारणानं लिनक्सला एक भगदाड पडलं होतं, ज्यातून साधा युजर कम्प्युटरचा मालक होऊ शकत होता. ते पुढे येतंच.

कम्पायलर नेमकं काय करतो?

प्रोग्रामर कोड लिहितो माणसाला वाचता येईल अशा भाषेत. प्रोसेसरला कळतात फक्त त्याच्या स्वतःच्या सूचना. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करणारा प्रोग्राम म्हणजे कम्पायलर. सी भाषेसाठी आज दोन कम्पायलर सर्वाधिक वापरात आहेत. एक रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेला जीसीसी, आणि दुसरा क्लँग. (जीसीसीच्या पोटात काय चालतं हे शिकवणाऱ्या कार्यशाळा मुंबईतच, आयआयटी बॉम्बेमध्ये प्रा. उदय खेडकर यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरनं घेतल्या आहेत. हे मला हा लेख करताना कळलं.)

रूपांतर करता करता कम्पायलर आणखी दोन कामं करतो. पहिलं, कोडमध्ये काही खटकलं तर वॉर्निंग देतो. एरर आली तर काम थांबतं. वॉर्निंग आली तर प्रोग्राम तयार होतो, फक्त 'इकडे जरा बघा' असं सांगितलेलं असतं. दुसरं काम ऑप्टिमायझेशनचं. म्हणजे तुमच्या कोडचा अर्थ तोच ठेवून तो जास्त वेगानं चालेल अशी फेरमांडणी करायची. ओ-झिरो म्हणजे काहीच करू नको, ओ-टू म्हणजे नेहमीचं बऱ्यापैकी, ओ-थ्री म्हणजे आणखी जोर लाव.

सगळी गोम 'अर्थ तोच ठेवून' या तीन शब्दांत आहे. अर्थ कुठला? तुमच्या मनातला की भाषेच्या नियमांतला?

दादाच्या वहीतलं फॅक्टोरियल

मी मास कॉमची, त्यामुळे सी भाषा माझ्या वाट्याला आली नाही. पण दादाची इंजिनिअरिंगची प्रॅक्टिकलची वही अजून घरात आहे. आपल्याकडे एका अख्ख्या पिढीनं सी भाषा शिकली ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' वाचून आणि टर्बो सी प्लस प्लसच्या त्या निळ्या स्क्रीनवर. बोर्लंड कंपनीचा हा कम्पायलर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा, डॉसच्या जमान्यातला. तरी तो आपल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये पुढे कितीतरी वर्षं टिकला.

दादाचा एक प्रोग्राम मी आजच्या जीसीसीवर टाकून पाहिला. पहिल्याच ओळीला एरर. स्क्रीन पुसण्यासाठी सगळे वापरायचे ती कोनिओ डॉट एच ही हेडर फाइल डॉसच्या कम्पायलरांची घरगुती सोय होती, सी भाषेचा भाग कधीच नव्हती. ती ओळ काढली तर स्क्रीन पुसणारं फंक्शन सापडेना. ते काढलं तर 'व्हॉइड मेन'वर वॉर्निंग, कारण नियमानं मेन फंक्शननं पूर्णांक परत द्यायचा असतो.

शेवटी प्रोग्राम चालला, आणि खरी गंमत पुढे आहे. वहीत आठचं फॅक्टोरियल म्हणून आउटपुट लिहिलंय उणे २५२१६. शेजारी सरांची लाल टिक! आजच्या कम्पायलरवर तोच प्रोग्राम ४०३२० हे बरोबर उत्तर देतो. कारण टर्बो सीमध्ये साधा पूर्णांक १६ बिटांचा असायचा आणि त्यात ३२७६७ च्या वरचा आकडा मावायचा नाही. आज तो ३२ बिटांचा आहे. म्हणून खूश व्हायचं कारण नाही, तेराचं फॅक्टोरियल विचारलं की आजही १९३२०५३५०४ असं चुकीचंच उत्तर येतं.

दादा म्हणाला, "त्यात काय, गाडीच्या मीटरसारखं असतं ते. ९९९९९ नंतर परत शून्य." बहुतेक प्रोग्रामर असंच समजून चालतात, आणि नेमकी इथेच मेख आहे. चिन्ह नसलेल्या पूर्णांकांसाठी सी भाषा खरंच मीटरसारखं फिरण्याची हमी देते. पण अधिक-उणे दोन्ही होऊ शकणाऱ्या साध्या पूर्णांकासाठी ती कसलीही हमी देत नाही. आकडा मावला नाही तर काय होईल हे नियमांत लिहिलेलंच नाही. याला म्हणतात अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे भाषेनं जिथे हात झटकलेत अशी जागा. सीमध्ये अशा जागा भरपूर आहेत. मूल्य न दिलेला व्हेरिएबल वाचणं, शून्य पत्त्यावरची वस्तू काढायला जाणं, यादीच्या हद्दीबाहेर पाऊल टाकणं, सगळं यातच येतं.

आणि कम्पायलर याचा अर्थ असा घेतो की प्रोग्रामरनं असं काही केलेलंच नाही. जुने कम्पायलर साधे होते, त्यांना या गृहीतकाचा फारसा फायदा उठवता येत नव्हता. नव्यांना येतो.

'ही तपासणी कशाला हवी?'

समजा, आकडा फिरून उलटा तर होत नाही ना हे पाहण्यासाठी एखाद्यानं अशी तपासणी लिहिली: 'अ मध्ये १०० मिळवून अ पेक्षा मोठं उत्तर येतं का बघ, नाहीतर थांब.' दिसायला शहाणपणाची गोष्ट. कम्पायलर विचार करतो, आकडा न मावण्याची वेळ येणारच नाही असं नियम सांगतो, मग १०० मिळवल्यावर उत्तर मोठंच येणार. तपासणी कायम खरी, म्हणजे निरुपयोगी. काढून टाक!

जानेवारी २००७ मध्ये एका प्रोग्रामरनं नेमकी ही तक्रार जीसीसीच्या बग यादीत नोंदवली. सुरक्षेसाठी लिहिलेला कोड कम्पायलर परस्पर उडवतो, हे काय चाललंय, असा त्याचा संताप होता. तक्रार 'अवैध' म्हणून बंद झाली. चूक तुमच्या कोडची, असं उत्तर मिळालं. नियमाच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. पण म्हणून त्या प्रोग्रामरचा राग अनाठायी होता असं मला तरी वाटत नाही.

कम्पायलर बनवणारे हे निव्वळ छळायला करत नाहीत. ६४ बिटांच्या प्रोसेसरवर एखादा लूप हजारो वेळा फिरतो, तेव्हा मोजणीचा आकडा उलटा फिरणार नाही हे धरून चाललं तर प्रत्येक फेरीतल्या काही सूचना वाचतात. वेग हवा तर गृहीतकं लागतात.

२००९ चं लिनक्स प्रकरण

आता ते भगदाड. लिनक्सच्या कर्नलमध्ये ट्यून नावाचा नेटवर्कचा ड्रायव्हर आहे. त्याच्या एका फंक्शनमध्ये दोन ओळी अशा होत्या. पहिली: ट्यूनच्या आतली एक वस्तू काढून घे. दुसरी: ट्यून रिकामा असेल तर एरर देऊन परत जा.

क्रम बघा. आधी कपाट उघडून साडी काढली आणि मग विचारलं, घरात कपाट आहे का? माणूस म्हणेल, ओळी वरखाली झाल्यात, सरळ करू. कम्पायलरचा तर्क वेगळा. साडी काढली म्हणजे कपाट आहेच, नसलेल्या कपाटातून वस्तू काढणं नियमात बसत नाही. म्हणजे दुसरा प्रश्न फालतू. जीसीसीनं ती तपासणी उडवून टाकली. कोडमध्ये ती दिसत होती, तयार झालेल्या प्रोग्राममध्ये नव्हती.

एरवी शून्य पत्त्याला हात लावला की प्रोग्राम कोसळतो आणि विषय संपतो. पण कर्नलच्या बाबतीत हल्लेखोराला काही परिस्थितीत त्या शून्य पत्त्यावर स्वतःचा डेटा आधीच मांडून ठेवता येत होता. मग कर्नल कोसळायचा नाही, तो हल्लेखोराचा डेटा स्वतःचा समजून पुढे जायचा. ब्रॅड स्पेंगलर या सुरक्षातज्ज्ञानं जुलै २००९ मध्ये हे करून दाखवलं. साध्या युजरला रूट, म्हणजे सर्वाधिकार मिळत होते.

दुरुस्ती सोपी होती, ओळींचा क्रम बदलायचा. पण लिनक्सच्या मंडळींनी त्यावर थांबायचं नाही असं ठरवलं. शून्य पत्त्याच्या तपासण्या उडवायच्या नाहीत, असं जीसीसीला बजावणारा पर्याय तेव्हापासून कर्नल कम्पाइल करताना दिला जातो. आकडे मीटरसारखेच फिरतील असं धर, हेही कर्नल कम्पायलरला सांगतो. पायथन आणि पोस्टग्रेससारखे मोठे प्रकल्पही हा दुसरा पर्याय वापरतात. म्हणजे दादाचं म्हणणं भाषेच्या नियमात बसत नसलं, तरी मोठमोठे प्रकल्प ते कम्पायलरकडून मान्य करून घेतात.

हे अपवादात्मक होतं का? एमआयटीतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये स्टॅक नावाचं एक साधन बनवलं, कम्पायलर उडवू शकेल असा कोड शोधणारं. त्यातून १६० नवे बग सापडले. डेबियन लिनक्सची सी आणि सी प्लस प्लसमधली हजारो पॅकेजेस तपासली, तेव्हा त्यातल्या सुमारे ४० टक्क्यांत असा कोड निदान एका ठिकाणी तरी होता.

२०२४ चा बडगा

आतापर्यंत आपण ऑप्टिमायझेशनबद्दल बोललो, जे गुपचूप घडतं. दुसरी बाजू आहे ती उघड कडकपणाची.

जुन्या सीमध्ये एक सवलत होती. एखादं फंक्शन कुठे आहे, ते काय परत देतं हे न सांगताच वापरता यायचं. कम्पायलर मनाशी धरायचा की ते पूर्णांक परत देत असेल. १९९९ च्या सी-९९ मानकानं ही सवलत काढून टाकली. पण जुना कोड अडू नये म्हणून कम्पायलर पुढे जवळपास पंचवीस वर्षं फक्त वॉर्निंग देत राहिले. मार्च २०२३ मध्ये क्लँग १६ नं आणि मे २०२४ मध्ये जीसीसी १४ नं ते थेट एरर केलं. जीसीसीनं सोबत आणखी काही ढिलाया बंद केल्या. पूर्णांकाच्या जागी पॉइंटर किंवा पॉइंटरच्या जागी पूर्णांक खपवणं आता चालत नाही.

यात एवढं काय बिघडत होतं? मेमरीतला पत्ता परत देणारं एखादं फंक्शन घ्या. ३२ बिटांच्या कम्प्युटरवर पत्ताही ३२ बिटांचा आणि पूर्णांकही ३२ बिटांचा, त्यामुळे चुकीचं गृहीतक खपून जायचं. ६४ बिटांच्या कम्प्युटरवर पत्ता दुप्पट लांब झाला, पूर्णांक मात्र तेवढाच राहिला. दहा आकडी मोबाइल नंबर पाच चौकोनांच्या फॉर्मवर लिहिल्यासारखं, अर्धा पत्ता कापला जातो. त्यातही गंमत अशी की पत्त्याचा कापलेला भाग नेमका शून्य असेल तर काहीच बिघडत नाही. म्हणून असे प्रोग्राम कधी चालायचे, कधी कोसळायचे आणि कारण सापडायचं नाही.

फेडोरा लिनक्समध्ये हजारो पॅकेजेस आहेत. रेड हॅटचे फ्लोरियन वायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसी १४ येण्याच्या बऱ्याच आधीपासून ती एकेक करून तपासायला घेतली. त्यांना मोडणाऱ्या पॅकेजपेक्षा जास्त धास्ती होती न मोडणाऱ्यांची.

का, तर जुनी बरीच सॉफ्टवेअर्स कम्पाइल होण्याआधी 'कॉन्फिगर' नावाची स्क्रिप्ट चालवतात. ही स्क्रिप्ट छोटे छोटे चाचणी प्रोग्राम लिहून पाहते. या कम्प्युटरवर अमुक सोय आहे का? प्रोग्राम कम्पाइल झाला तर आहे, नाहीतर नाही. आता हे चाचणी प्रोग्रामच तीस वर्षांपूर्वीच्या ढिल्या सीमध्ये लिहिलेले. नवा कम्पायलर त्यांना अडवतो, पण अडवतो ते शिस्तीच्या कारणानं. स्क्रिप्टला ते कळत नाही. दुकान उघडं आहे का बघायला पाठवलेला पोरगा हेल्मेट नाही म्हणून चौकात अडकला आणि घरी येऊन म्हणाला, दुकान बंद आहे! स्क्रिप्ट ती सोय नाही असं समजून बाजूला ठेवते आणि सॉफ्टवेअर एकही एरर न येता तयार होतं, फक्त एखादं फीचर कमी असलेलं. ते सुरक्षेचं फीचर असेल तर काय, हा प्रश्न ज्याला पडायला हवा त्याला ते गेल्याचा पत्ताही नसतो.

डूम आज कम्पाइल करून बघा

हे सगळं एका जागी बघायचं तर डूमसारखं उदाहरण नाही. १९९३ चा हा गेम. आयडी सॉफ्टवेअरनं डिसेंबर १९९७ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला, तोही लिनक्सचा, कारण डॉसच्या आवृत्तीतला आवाजाचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता. कोड उत्तम लिहिलेला आहे. सोबतच्या मेकफाइलमध्ये वॉर्निंग चालू करणारा 'डब्ल्यू-ऑल' हा पर्यायसुद्धा आहे. (नावात ऑल असलं तरी यानं सगळ्या वॉर्निंग चालू होत नाहीत. त्यासाठी डब्ल्यू-एक्स्ट्रा आहे आणि त्यानंही सगळ्या होत नाहीत.)

एप्रिल २०२५ च्या जीसीसी १५ वर, काहीही वेगळं न सांगता, हा कोड सुरुवातीलाच अडखळतो. कारण डूमनं खरं आणि खोटं यासाठी 'ट्रू' आणि 'फॉल्स' हे शब्द स्वतः बनवून घेतले होते. १९९३ मध्ये ते शब्द सीमध्ये नव्हते. जीसीसी १५ आपणहून सी-२३ हे नवं मानक धरतो आणि त्यात ते भाषेचे राखीव शब्द आहेत. जुनं मानक वापर असं सांगितलं की हा अडथळा जातो.

पुढचा अडथळा सेटिंग्जच्या तक्त्यात येतो. तिथे आकड्यांच्या रकान्यात काही ठिकाणी मजकुराचा पत्ता पूर्णांक म्हणून कोंबलाय. ६४ बिटांवर तो मावत नाही आणि कम्पायलर अडतो. हेही बरं, निदान दिसतं तरी.

खरा चकवा तिसरा आहे. गेमच्या फाइलीतून भिंतींची चित्रं वाचण्यासाठी एक साचा आहे, त्यात एक रकाना पॉइंटरचा. सोबत टिपणीही आहे की हा आता वापरात नाही. पण तो जागा अडवतो. ३२ बिटांवर चार बाइट, ६४ बिटांवर आठ. फाइल तर १९९३ चीच, तिच्यात चारच बाइट सोडलेले. त्यामुळे पुढचे सगळे रकाने चार बाइटनं सरकतात आणि भलतेच आकडे वाचले जातात. यावर डब्ल्यू-ऑलची एकही वॉर्निंग येत नाही, कारण भाषेच्या दृष्टीनं यात चूक काहीच नाही. चॉकलेट डूम हे मूळ गेमशी इमान राखणारं नवं रूप आहे. त्यांनी त्या जागी साधा पूर्णांक ठेवून प्रश्न मिटवला. म्हणून वॉर्निंग शून्य झाल्या याचा अर्थ कोड बरोबर झाला असा कुणी घेऊ नये.

'अ' अक्षर आणि उणे बत्तीस

हा मुद्दा मराठीत लिहिणाऱ्यांच्या जिव्हाळ्याचा. सीमध्ये अक्षरासाठी 'कॅर' नावाचा एक बाइटचा प्रकार असतो. त्यात उणे आकडे धरायचे की नाही हे भाषेनं ठरवलेलं नाही. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर जीसीसी उणे धरतो, एआरएमवरच्या लिनक्सवर, म्हणजे समजा रास्पबेरी पायवर, धरत नाही.

इंग्रजी अक्षरांचे बाइट १२७ च्या आतले, त्यामुळे इंग्रजी मजकुरात फरक कधी कळतच नाही. देवनागरी 'अ' मात्र यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचा: २२४, १६४, १३३. तिन्ही १२७ च्या पुढचे. उणे धरणाऱ्या कम्प्युटरवर तेच उणे ३२, उणे ९२ आणि उणे १२३ होतात. आता जुन्या प्रोग्रामनं 'हे अक्षर कुठल्या जातीचं' हे बघायला एक तक्ता ठेवला असेल आणि त्यात उणे बत्तिसावं घर शोधलं, तर तो तक्त्याच्या आधीची मेमरी वाचतो. पुन्हा अनडिफाइन्ड बिहेवियर. चाचणी इंग्रजीत केली तर सगळं हिरवं, मराठी टाकलं की कचरा किंवा क्रॅश. यासाठी डब्ल्यू-ऑलमध्ये वॉर्निंग आहे आणि ती खरोखर कामाची आहे. लिनक्स कर्नलनं तर २०२३ च्या ६.२ आवृत्तीपासून सगळीकडे 'कॅर' उणे धरायचाच नाही असं ठरवून टाकलं.

मग सगळ्या वॉर्निंग बंद करून टाकल्या तर?

जुनं मोठं सॉफ्टवेअर कडक वॉर्निंग लावून कम्पाइल केलं की हजारोंनी ओळी येतात. हात शिवशिवतात, काहीतरी करून हे गप्प करू. यातला धोका डेबियननं दाखवला.

२००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएलवर मेमरी तपासणाऱ्या साधनांनी तक्रार केली की मूल्य न दिलेली मेमरी वापरली जातेय. हा कम्पायलर नव्हता, व्हॅलग्रिंडसारखी साधनं होती, पण गोष्ट तीच. देखभाल करणाऱ्यानं तक्रारीला कारण असलेल्या दोन ओळी बंद केल्या. त्यातली एक ओळ गुप्त किल्ल्या बनवण्यासाठी लागणारी अनिश्चितता मिसळण्याची मुख्य जागा होती. तक्रार थांबली आणि त्यानंतर त्या यंत्रणांवर बनणाऱ्या किल्ल्या प्रत्येक प्रकाराच्या फक्त सुमारे ३२ हजारांपैकी एक असायच्या. साधा लॅपटॉप त्या सगळ्या करून पाहू शकतो. हे उघड झालं १३ मे २००८ ला. दोन वर्षांत बनलेल्या किल्ल्या जगभर फेकून द्याव्या लागल्या.

उलटं टोकही आहे. 'डब्ल्यू-एरर' लावला की प्रत्येक वॉर्निंगची एरर होते, एकही शिल्लक ठेवता येत नाही. ऐकायला छान. पण नवा कम्पायलर नव्या वॉर्निंग घेऊन येतो आणि काल तयार होणारं सॉफ्टवेअर आज, एक अक्षर न बदलता, तयार होईनासं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं कर्नलसाठी हा पर्याय सरसकट चालू केला आणि एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच तो चाचणीच्या बिल्डपुरता मर्यादित करावा लागला. स्वतः टीमनं वापरायला डब्ल्यू-एरर चांगला, लोकांच्या हातात द्यायच्या कोडमध्ये नको, असं माझं मत झालंय.

जाणकार हे काम कसं करतात?

आधी काहीही न सुधारता सॉफ्टवेअर उभं करतात. जुनं मानक, ऑप्टिमायझेशन बंद, आकडे मीटरसारखे फिरू देणारा पर्याय चालू. जीसीसी १४ मध्ये नव्या एररना परत वॉर्निंग करणारा 'एफ-परमिसिव्ह'ही आहे, तो इथे हात देतो. असं उभं राहिलेलं सॉफ्टवेअर कुठल्या इनपुटवर काय आउटपुट देतं ते नोंदवून ठेवतात. पुढच्या प्रत्येक बदलानंतर याच्याशी ताडून बघायचं.

मग सॅनिटायझर लावून चालवतात. कम्पायलरच प्रोग्राममध्ये पहारेकरी पेरतो आणि कुठे हद्द ओलांडली, कुठे आकडा मावला नाही, हे ओळ क्रमांकासकट सांगतो. गुगलच्या इंजिनिअर्सनी बनवलेला अ‍ॅड्रेस सॅनिटायझर जीसीसीत २०१३ पासून आहे, अनडिफाइन्ड बिहेवियर पकडणारा २०१४ पासून. प्रोग्राम हळू चालतो, पण वॉर्निंगांच्या ढिगापेक्षा याची एक तक्रार मोलाची, कारण ती प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीची असते. त्यामुळेच त्याला मर्यादाही आहे. जो कोड चाललाच नाही, त्याबद्दल तो काही सांगू शकत नाही.

वॉर्निंग त्यानंतर, आणि एका वेळी एकच प्रकार. आधी पॉइंटर कापले जाण्याच्या, मूल्य न दिलेल्या व्हेरिएबलच्या. न वापरलेल्या व्हेरिएबलच्या सगळ्यात शेवटी. ओ-टू आणि ओ-थ्री सर्वात शेवटी, आणि तेही वेगाची खरंच गरज असेल तर. जीसीसीत १२ व्या आवृत्तीपासून आणि क्लँगमध्येही मूल्य न दिलेल्या व्हेरिएबलमध्ये आपोआप शून्य भरायचा पर्यायही मिळतो. त्यानं चूक जात नाही, पण स्किमरसारखी लॉटरी तरी थांबते, दर वेळी एकच काय तो निकाल लागतो.

हे काम करणारे बरेच जण पगार न घेता, रात्री, दुसऱ्या कुणीतरी वीस वर्षांपूर्वी लिहून सोडून दिलेल्या कोडवर बसलेले असतात. लोकांना दिसतं फक्त एवढंच की अपडेटनंतर काहीतरी बंद पडलं.

दोष नेमका कुणाचा?

यावर प्रोग्रामर मंडळींत जुनं भांडण आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये फेडोरा १४ आलं आणि अ‍ॅडोबी फ्लॅशचा आवाज फाटू लागला. तेव्हा फ्लॅश म्हणजे वेबवरचे व्हिडिओ, त्यामुळे बोंब मोठी झाली. कारण निघालं मेमकॉपी हे मेमरीची नक्कल करणारं फंक्शन. नियम सांगतो की ज्या दोन जागांमध्ये नक्कल करायची त्या एकमेकींवर आलेल्या नसाव्यात. फ्लॅश हा नियम मोडत होतं. पण जुनं मेमकॉपी पुढून मागे जायचं, त्यामुळे निभावून जायचं. ग्लिबसी या लायब्ररीनं वेगासाठी नवं मेमकॉपी आणलं, ते काही प्रोसेसरवर मागून पुढे येऊ लागलं.

लायब्ररीवाल्यांचं म्हणणं, नियम पहिल्या दिवसापासून लिहिलेला आहे, फ्लॅशनं चूक सुधारावी. लिनस टोरवाल्ड्सनं त्या बग रिपोर्टवर येऊन उलटी बाजू घेतली. सामान्य माणसाला नियमावलीशी काय घेणंदेणं, त्याचा व्हिडिओ काल चालत होता आणि आज चालत नाही, आणि दोन्ही बाजूंना खपेल असं मेमकॉपी लिहिणं काही अवघड नाही, असा त्याचा सूर होता. फ्लॅशचा कोड तर अ‍ॅडोबीच्या कपाटात बंद, बाहेरच्या कुणाला तो सुधारताही येणार नव्हता.

तोडगा निघाला तो असा. ग्लिबसी २.१४ पासून मेमकॉपीच्या दोन आवृत्त्या एकाच लायब्ररीत राहतात. त्याआधी कम्पाइल झालेले प्रोग्राम मेमकॉपी मागतात तेव्हा त्यांना जागा एकमेकींवर आल्या तरी सांभाळून घेणारी आवृत्ती मिळते, नव्यानं कम्पाइल झालेल्यांना वेगवान. फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झालं. त्याच्यासारख्यांसाठी केलेली ही सोय ६४ बिटांच्या लिनक्सवर आजही आहे.